धवलारणीचं रगत

तुम्ही तुमचं रक्त तपासून घेतलंय का? एचआयव्हीसाठी विचारते आहे. रागावू नका, हा प्रश्न माझा नाही. तो धाकलीमावशीचा आहे, आणि ती तो कुणालाही विचारते. बसच्या कंडक्टरला विचारला, तेव्हा त्यानं सुटे पैसे चुकून जास्त दिले. हळदीला डीजे लावायला आलेल्या पोरांना विचारला, तेव्हा त्यांनी आवाज वाढवला. एकदा गावात एक पुढारी उद्घाटनाला आला. त्याला ओवाळताना ताट तसंच धरून मावशी म्हणाली, "रगत बगितलंस काय रं?" पुढारी घाबरून म्हणाला, "हो हो, पूर्ण तालुक्याचं झालं आहे."

नावाची धाकली, अंगानं दांडगी, आवाज तर त्याहून. पनवेलजवळ नेऱ्याकडच्या एका गावात राहते, एकटीच. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असो नसो, धवलारणीवाचून हळद लागत नाही. आमची मावशी त्या भागातली सर्वांत मोठ्या आवाजाची आणि सर्वांत भित्री धवलारीण. घराला कुलूप लावून निघाली की नाक्यावरून परत जाऊन कुलूप ओढून बघते. काळजी वाटली की कानातली कुडी ओढत राहते. तिच्या कानाचं भोक त्यामुळेच लांबलंय.

आम्ही पनवेलच्या कॉलेजची काही मुलंमुली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्राबरोबर गावोगाव जायचो. न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरवर जाणारी तरणी पोरं घराघरात होती. जमिनीला भाव आला होता, खिशात पैसा खुळखुळत होता, आणि या विषयावर कुणी ब्र काढत नव्हतं. आम्ही तक्ते दाखवायचो, पोरं पायाच्या अंगठ्याकडे बघायची. मावशी मागे सुकट निवडत बसलेली असायची. एक दिवस ती उठली.

"तुमचा कागद कोन वाचतंय गो? माजा धवला समदी ऐकतान."

मला काय आनंद झाला! पत्रकं वाटत वाढलेल्या मुलीला मंडपभर ऐकू जाणारं पत्रक मिळालं होतं. आम्ही तिला ओळ दिली: रगत तपासलं गो, नवरदेवाचं रगत तपासलं. तिनं आधी आमचीच परीक्षा घेतली. "एका ताटान जेवल्यानं व्हतं काय? मशेरीनं व्हतं काय? डास चावल्यानं? नक्की नाय? परत सांग." मग ती ओळ ती गाऊ लागली. धवल्यात नवरदेवाचं नाव येतंच, तसं या ओळीतही आलं. आणि पुढची ओळ तिनं आपल्या पदरची जोडली: "रगत निर्मल गो, निर्मल."

"मावशी, हे कशाला?"

"नुसता तपासलं बोललं तं लोकांना घोर लागल."

झालं. मंडपातल्या बाया त्या ओळीची वाट बघू लागल्या. आया पोरांना दटावून केंद्रावर धाडू लागल्या, कारण धवल्यात पोराच्या नावाशी 'निर्मल' यायला हवं. केंद्रातले लोक आमची पाठ थोपटत होते. तपासणी स्वेच्छेनं आणि निकाल गुप्त, हे आमच्याच पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. आणि इथे ज्याचं नाव गायलं जाणार नाही, त्याचा निकाल मंडपात जाहीर!

हे माझ्या डोक्यात आलं ते त्याच भागातली सुरेखा भेटायला आली तेव्हा. हे तिचं खरं नाव नाही. तिच्या लग्नाला चार दिवस होते.

"त्याचं पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली. "त्यानंच येऊन सांगितलं मला, तोंड फिरवलं नाही. आम्ही दोघं डॉक्टरांशी बोललोय. गोळ्या चालू आहेत त्याच्या, काळजी कशी घ्यायची तेही कळलंय. मला करायचंय त्याच्याशीच लग्न. पण मावशी गायली तर खोटं, आणि नाही गायली तर त्याला गावात कोण राहू देईल गं?"

मी तडक मावशीकडे गेले. खरं कारण सांगता येत नव्हतं. म्हटलं, "मावशी, ती ओळ आता काढून टाक. धवला लांबतोय."

मावशी कुडी ओढू लागली. "पयलं बोलतंस घाल, आता बोलतंस काढ. आन काढली तं लोकं इचारतील नाय, कनाला, कशापायी काढली? कोन हाय?"

मी तिची सुकट पुढे ओढून निवडायला घेतली.

"सुरेखाचा नवरदेव?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"बरं. नको सांगू," ती म्हणाली आणि चुलीवर भात ठेवायला उठली.

हळदीच्या दिवशी मी नवऱ्याकडच्या मंडपात मागे उभी राहिले. नवरदेव पाटावर बसला होता, हळदीपेक्षा पिवळा. मावशी गात गात त्या ओळीशी आली आणि थांबली. पुढच्या रांगेतल्या बायांची चघळणारी तोंडं थांबली.

"रगत तपासलं गो, तपासलं," मावशीनं सूर लावला, "धवलारनीचं रगत तपासलं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक म्हातारी खो खो हसली. "गो धाकले, तुला या वयान कनाला?"

"मी काय मानूस नाय?" मावशी ओरडली. "आन यापुढं माजंच गानार. दुसऱ्याचं ज्याचं त्याला ठावं." आणि तिनं पुढचा धवला उचलला. मंडप हसत सुटला. नवरदेवानं डोळे मिटले आणि हळदीला गाल पुढे केला.

नंतर मंडपामागे ती एकटीच बसली होती. मी म्हटलं, "मावशी, नुसतं गाण्यापुरतं ना?"

"धवल्यान खोटा बोलू? परवा जाऊन आलंय पनवेलला." ती कुडी ओढत राहिली. "माजा घरवाला गारीवर डायवर व्हता. कवा येयचा, कवा जायाचा. मंग आलाच नाय. तवापासून मना भ्या. सगल्यांना इचारलं गो, पन मना कोन इचारनार? केंद्रावरच्या पोरीनं इचारलं, मावशी, तुम्हाला कसली भीती वाटते? मी रडलीच. माजी भीती कोनी इचारलीच नव्हती."

'आणि काय निघालं?' हे माझ्या ओठांवर आलं होतं. ती माझ्याकडे रोखून बघत होती. तिच्या त्या ओळीत 'निर्मल' नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी विचारलं, "जेवलीस का?"

मावशीनं कुडी सोडली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताट वाढ गो. भूक लागलीय."

सुरेखा आणि तिचा नवरा यांनीच मला हे लिहायला सांगितलं. दोघं मजेत आहेत, ती आजही निगेटिव्ह आहे. मावशीचा निकाल मला आजही माहीत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. या आठवड्यात जवळच्या केंद्रावर जा आणि रक्त तपासून घ्या, आधी स्वतःचं. मग घरातल्या तरण्या पोरांना विचारा, "गेलास का?" आणि परत आल्यावर "काय निघालं?" विचारू नका. ताट वाढा.