घरी बसून मिळेल

पदवी हातात आली त्याच आठवड्यात चिरंजीवांनी जेवता जेवता जाहीर केलं की आपण नोकरी करणार नाही. नानांचा घास घशातच अडकला. पाणी पिऊन त्यांनी अगदी शांतपणे (म्हणजे त्यांच्या मते शांतपणे, शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला होता) विचारलं, "मग करणार काय?"

"घरी बसणार."

"ते तर आत्ताही करतोयस."

"आपल्या नाही नाना. लोकांच्या."

पुढचा खुलासा असा की हल्ली घरोघरी नवराबायको दोघंही कामावर. वॉशिंग मशीनवाला फोनवर सांगतो, दहा ते पाचच्या मध्ये कधीतरी येऊन जाईन. मग घरी थांबायचं कुणी? तर चिरंजीव थांबणार. दार उघडणार, मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेणार, कुलूप लावून किल्ली पोचती करणार. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. दुकानांवर नाही का असतं, इस्त्री करून मिळेल, पिको करून मिळेल? तशीच ही: 'घरी बसून मिळेल.'

नानांनी कपाळाला हात लावला. मुलाबद्दल "काय, घरीच बसलाय वाटतं?" असं कुणी विचारेल या धास्तीने ते कॉलेजची सगळी वर्षं झुरले होते, आणि दिवट्याने तेच रंगवून दारावर टांगलं. तसा नोकरीला रामराम ठोकणारा हा काही एकटाच नव्हता. समोरच्यांची मुलगी लोकांच्या कुत्र्यांना शिस्त लावत होती. वरच्या मजल्यावरचा मुलगा नोकरीसाठी धडपडणाऱ्यांना अर्ज लिहून द्यायचा (स्वतः एकही न करता). पण ती मुलं निदान काहीतरी करत होती. बसणं हा काय धंदा झाला?

शिवाय नानांनी आधीच शब्द टाकून ठेवला होता. नाना ऑफिसात आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क. तिथली खिडकीजवळची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती, आणि नानांनी साहेबांच्या मागेपुढे करून करून ती मुलासाठी जवळजवळ मिळवलीच होती. शेवटी आईने मध्ये पडून तह घडवून आणला. खुर्ची रिकामी होणाऱ्या सोमवारपर्यंत पोराने आपला धंदा करून बघावा. एकही तक्रार आली नाही, तर नाना नोकरीचं नाव काढणार नाहीत. एक जरी आली, तर सोमवारपासून मुकाट्याने ऑफिस. कलमं नानांनी स्वतः घातली, आणि निर्धास्त झाले. आपल्या मुलाविरुद्ध तक्रार येणारच, अशी बापाची खात्रीच होती.

पण तक्रार येईना. उलट गिऱ्हाइकं येऊ लागली. चिरंजीव सकाळी घरातून निघत आणि दिवसभर कुठे ना कुठे बसून दमून घरी येत. शेवटचा शुक्रवार उजाडला. नाना बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात आईला मुलाचा फोन आला. तो एका म्हाताऱ्या जोडप्याकडे अडकला होता. फ्रिजवाल्याने फ्रिज खोलून जमिनीवर मांडला आणि पार्ट आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. इकडे एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नवा सोफा यायचा होता, जुना जायचा होता, आणि दार उघडायला कुणी नव्हतं.

नानांना मनातून गुदगुल्या झाल्या. तक्रार आपल्या पायांनी चालत येत होती.

"तुम्ही जा," आई म्हणाली.

"मी? मला ऑफिस आहे."

"बसायचंच तर आहे. तिथे बसता ते इथे बसा." वर ती म्हणाली, "पोर रोज उन्हातान्हात वणवण करतंय. बुडायचं तर स्वतःच्या चुकीने बुडू दे. बापाने हात आखडला म्हणून नको."

नानांनी ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं आणि खुंटीवरची डॉक्टरीणबाईंच्या फ्लॅटची किल्ली घेतली.

फ्लॅट तळमजल्यावर होता. दारावर फक्त डॉक्टरीणबाईंचं नाव आणि खाली पदव्यांची रांग. नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही, यावरून त्या गृहस्थाचं घरातलं वजन नानांनी ओळखलं आणि मनातल्या मनात हसले. आत भलामोठा जुना सोफा होता. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही हा मुलाचा नियम, म्हणून नाना कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर ताठ बसले. सकाळ सरली. पाठीला रग लागली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

दुपारी दारात किल्ली फिरली. हातात बूट घेऊन चवड्यांवर चालत जो माणूस आत आला, त्याला पाहून नाना ताडकन उभे राहिले. साक्षात साहेब.

"तुमचं पोट बिघडलंय ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. आणि तुमची हेड ऑफिसची मीटिंग?"

साहेबांनी घसा खाकरला. "चालू आहे."

यापुढे कुणीच कुणाला काही विचारलं नाही. बायको संध्याकाळशिवाय येत नाही, असं पुटपुटत साहेब सोफ्यावर आडवे झाले आणि पाहता पाहता मीटिंग जोरात सुरू झाली. घोरणं इतकं की शोकेसमधल्या बशा वाजत होत्या.

आणि नेमके तेव्हाच सोफावाले आले. त्यांचा ट्रक रस्त्यात उभा, मागे हॉर्नचा गोंगाट. जुना सोफा हाच का, एवढंच त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, हाच, पण त्यावर साहेब आहेत. मग उठवा त्यांना, नाहीतर आम्ही चाललो, पुन्हा पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणून माणसं वळलीसुद्धा.

उठवा म्हणे! ऑफिसात एकदा आगीचा बंब आला होता, तेव्हाही साहेबांना उठवायची कुणाची छाती झाली नव्हती. बंबवाल्यांनाच पाणी जरा हळू मारायला सांगितलं होतं. ही माणसं परत गेली तर तक्रार नक्की, आणि तक्रार झाली की पोरगा खिडकीजवळच्या खुर्चीत. त्यांना तर हेच हवं होतं! पण साहेबांच्या उघड्या तोंडाकडे बघता बघता त्यांना ती खुर्ची दिसली, तिच्यात आपला पोरगा दिसला, जन्मभर आपल्यासारखंच फोनवर दबक्या आवाजात "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगणारा. नको, त्यांना वाटलं, एवढं तरी नको.

"उचला," ते म्हणाले. "पण हळू."

चौघांनी सोफा साहेबांसकट उचलला, दारातून तिरका करून काढला (साहेब फक्त कुशीवर वळले) आणि फुटपाथवर ठेवला. नवा सोफा आत गेला, जागेवर बसला, नानांनी चारही पाय हलवून पाहिले, मगच पावतीवर सही केली. काम चोख. ते छाती पुढे काढून बाहेर आले, तर सोफ्याभोवती गर्दी, आणि गर्दीत डॉक्टरीणबाई. नवा सोफा बघायच्या हौसेने त्या लवकर आल्या होत्या.

"हे इथे काय करताहेत?" त्यांनी विचारलं.

नानांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

त्या आवाजाने साहेब दचकून उठून बसले, समोरच्या जमावावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हं, पुढचा मुद्दा घ्या."

सारा रस्ता हसला. सगळ्यांत जास्त हसल्या डॉक्टरीणबाई. डोळे पुसत त्या म्हणाल्या की इतकी वर्षं दुपारी ऑफिसात फोन केला की हेच उत्तर मिळायचं, आज मीटिंग डोळ्यांनी पाहायला मिळाली. यापुढे आपल्या दवाखान्याचं, बहिणीचं, नणंदेचं, सगळ्यांच्या घरी बसायचं काम तुमच्याकडे, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. गर्दीतल्या माणसांनीही फोन नंबर लिहून घेतले. संध्याकाळपर्यंत इतकी कामं आली की चिरंजीवांनी वर्गातल्या बाकीच्या बसलेल्यांनाही बोलावून घेतलं.

नाना घरी शिरले ते लढाई मारून आल्यासारखे. हकीकत ऐकताना आईची हसून हसून पुरेवाट झाली, आणि मुलाने त्यांना मिठीच मारली. सोमवारी तू येऊ नकोस, ते म्हणाले, ती खुर्ची मला नको तुझ्यासाठी. मग अंगात वारं शिरल्यागत पुढे म्हणाले, खरं तर मीच सोडतो नोकरी, तुझ्या धंद्यात येतो, बसण्याचा माझ्याएवढा अनुभव गावात कुणाला आहे?

तेवढ्यात फोन वाजला. चिरंजीवांनी ऐकून घेतलं, दोनदा माफी मागितली आणि फोन ठेवला.

"साहेबांचा होता. तक्रार करत होते. तुमच्या माणसाने मला न उठवता रस्त्यावर नेऊन ठेवलं म्हणाले."

नानांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यापायी तुला सोमवारी..."

"मला कशाला? तक्रार तुमच्याबद्दल आहे." चिरंजीवांनी बापाच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "एक जरी तक्रार आली, तर सोमवारपासून मुकाट्याने ऑफिस. कलम तुमचंच आहे, नाना."