बसप्पांची बॅटरी

बसप्पा बोलता बोलता बेशुद्ध पडायचे, आणि शुद्धीवर आले की वाक्य जिथं तुटलं तिथूनच पुढे चालू करायचे. एकदा मंडईत भाजीवालीला म्हणाले, “ही काय मेथी म्हनायची...” आणि आडवे झाले. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. डोळे उघडल्या उघडल्या म्हणाले, “...का वाळलेला पाला?” बाईनं घाबरून दोन जुड्या जास्त दिल्या.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. बसप्पा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत माग दुरुस्त करायचे. चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तब्येतीची चौकशी केली की ठरलेलं उत्तर, “मला काय धाड भरलीय?”

एके दिवशी माझ्याच दारात पडले, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. बराच वेळ मनगट धरून बसले, मग म्हणाले, “आप्पा, नाडी निम्मीच चाललीय. हृदयाला ठोक्याचा इशाराच नीट पोचत नाही. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल. त्याची तार हृदयापर्यंत जाते. मुंबईला होतं.”

“बॅटरीवर चालतंय?”

“हो.”

“मग बिघडलं तर माझं मी उघडतो.”

डॉक्टर हसायचे थांबेनात. मी सोबत येतो म्हणालो, तर बसप्पांनी मला उडवूनच लावलं. “मास्तर, शाळा बुडवून काय करायलाव? दात काढून यावं तसलं काम हाय. पुतन्या हाय की मुंबईत.” कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी घेऊन ते एकटेच गाडीत बसले.

महिन्यानं परतले ते खांद्याखाली काडेपेटीपेक्षा मोठा उंचवटा घेऊन. आल्या दिवसापासून सदऱ्याची वरची बटणं उघडीच. जो भेटेल त्याला, “हात लावून बघा की! घाबरू नका, शॉक बसत न्हाई.” पोस्टमननं हात लावला, न्हाव्यानं लावला. माझ्या बायकोनं फक्त लांबून नमस्कार केला. ट्रान्झिस्टरचा सेल बदलतात तशी दोन वर्षांनी ही बॅटरीही बदलायची, हे ते अभिमानानं सांगायचे. पडणं मात्र साफ बंद झालं. भाजीवालीशी भांडण आता एका दमात पुरं व्हायचं.

मग एका रविवारी डॉक्टरांनी वळसंगच्या एका जोडप्याला बसप्पांकडे पाठवलं. गौराबाई आणि तिचा नवरा. तिलाही तोच आजार. रानात खुरपताना पडायची. पण मुंबईला जायला काही केल्या तयार नव्हती. मी तिथंच बसलो होतो.

बसप्पांनी बटणं सोडली. उंचवटा दाखवला, बॅटरी समजावली, दात काढण्याचं सांगितलं. गौराबाई पदराचं टोक पिळत ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, “आप्पा, तुमास्नी भ्या वाटलं न्हवतं का?”

बसप्पांनी सदऱ्याची बटणं लावून घेतली. मला वाटलं, आता धाड भरल्याचं ऐकायला मिळणार.

“लई वाटलं,” ते म्हणाले. “पुतन्या-बितन्या कोन न्हाई मला. उगं मास्तरला त्रास नको म्हून सांगितलं. दवाखान्यात कागदावर सही करायला मानूस मागितलं. मी म्हनलं, येतंय, येतंय. दोन दिवस म्हनत होतो. शेवटाला बाजूच्या खाटंवरच्या पेशंटच्या बायकूनं सही केली. माझं नावबी धड म्हाईत नव्हतं तिला. आत नेताना हात धरून चालली ती दारापर्यंत. न्हाईतर मी पळूनच येनार होतो.”

भिंतीपलीकडे राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गौराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बसप्पा तिला कानडीत म्हणाले, “अंजब्याड तंगी.” घाबरू नकोस बहिणी. मग मराठीत, “मी येतो संगं. आत नेस्तंवर हात धरतो. मग तर झालं?”

त्यांनी गिरणीतून रजा काढली आणि खरंच गेले. तीन आठवड्यांनी तिला वळसंगच्या एसटीत बसवूनच घरी आले.

दिवाळीत भाऊबिजेच्या सकाळी गौराबाई चाळीत हजर झाली. स्टँडपासून चालत आली होती, नवरा मागून पिशवी सांभाळत. पिशवीत निरांजन, सुपारी, घरचे लाडू. “अण्णा, पाट मांडा,” ती दारातूनच म्हणाली.

बसप्पा घाईघाईनं आमच्या स्वयंपाकघरात आले. त्यांच्याकडे पाट नव्हता. माझ्या बायकोनं पाट काढून दिला, तरी तो छातीशी धरून ते तिथंच घुटमळत उभे राहिले. शेवटी खाली मान घालून त्यांनी विचारलं,

“वैनी, ओवाळून घेताना तोंड कुनीकडं करून बसत्यात?”