गोदाअक्कांची झोपेची चौकशी

प्रिय इरा आणि नील,

परवा फोनवर इरा सहज म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्यात, मस्त झोप लागते." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि मला गोदाअक्का आठवल्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. म्हणून सकाळची कामं आटोपून ही ओळख लिहायला बसले आहे.

माणसं भेटली की "बरं आहे ना?" असं विचारतात. अक्का विचारत, "झोप आपली की बाटलीतली?" लग्नाच्या पंगतीत विचारत, भाजीवालीच्या पाटीपुढे विचारत. एकदा मामलेदारांच्या पत्नी हळदीकुंकवाला आल्या, तर ओटी भरता भरता त्यांनाही विचारलं. बाई लाजल्या, आणि हळूच म्हणाल्या, "बाटलीतली."

"पाहा!" अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बठ्ठं गाव जपेल शे, मास्तरीणबाई!" सगळं गाव झोपलेलं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

स्वातंत्र्याला थोडी वर्षं झाली होती. मी लग्न होऊन धुळ्याला देवपुरात आले होते आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. अक्का आमच्या शेजारी एकट्या राहत. तेव्हा कंपाउंडर औषध कालवून बाटलीत भरून देत. कुणाला दुःख झालं, बाळंतपणानंतर रडू येऊ लागलं, की डॉक्टर झोपेचं औषध लिहीत. ते चार दिवसांसाठी असे, पण बाटली संपली की घरचे पुन्हा भरून आणत. अक्कांनी याविरुद्ध मोहीम काढली होती. मोहिमेत आम्ही दोघीच. त्या बोलत आणि मी बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवी. बहुतेक वेळा "बाटली हलवून घ्यावी" एवढंच असे.

"बाटली काय हलवता?" अक्का कडाडत. "बाईला हलवा!"

आमच्या मोहिमेचा मोठा दिवस म्हणजे आखाजी. तुमच्याकडे तिला अक्षय्यतृतीया म्हणतात. खानदेशात त्या दिवसांत सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. सासरी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, त्या झोक्यावर सगळं बोलतात. म्हणून अक्का आमरसाचे हात धुऊन थेट झोक्यांखाली हजर. त्यांची परीक्षा सोपी होती. जी झोक्यावर पेंगली, ती बाटलीवाली.

एका आखाजीला पहिलीच पेंगणारी त्यांनी गदागदा हलवली. ती पोरगी डोळे चोळत ओरडली, "अक्का, माहेरले येल शे मी, जपू दे ना वं!" सगळ्या मुली खो खो हसल्या. सासरी पहाटे उठणारी लेक माहेरी झोपणार नाही तर काय करणार? मी अक्कांचा हात धरून त्यांना घरी न्यायला लागले. पण त्या जागच्या हलेनात.

त्या सुमनकडे पाहत होत्या. सुमन समोरच्या घरची लेक, भडगावला दिलेली. ती बाळंतपणाला माहेरी आली असताना तिचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं, तेव्हा आमच्याच डॉक्टरांनी तिला झोपेचं औषध दिलं होतं. ती पेंगत नव्हती. झोक्याच्या दोराला टेकून नुसती उभी होती. कुणी हाक मारली की थोड्या वेळानं हसायची. तिच्या पिशवीत बाटली होती, आणि ती वर्षभर भरली जात होती.

अक्कांनी बाटली मोरीत ओतली आणि विजयी मुद्रेनं घरी आल्या. दोन दिवसांत सुमनचे हात थरथरू लागले, घाम फुटू लागला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी अक्कांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "हे औषध मी दिलं, ती चूक माझी असेल. पण असं एकदम तोडलं तर झटके येतात! थेंबाथेंबानं उतरवावं लागतं. पोरीला इथे माझ्या नजरेखाली राहू द्या."

कुणाचं ऐकून न घेणाऱ्या अक्का मान खाली घालून म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं."

पण सुमनची सासू तिला न्यायला आली होती. भडगावला गेली की बाटली पुन्हा सुरू होणार, हे सगळ्यांना कळत होतं. सासू वाईट नव्हती. ती म्हणाली, "घरात शांत असते बिचारी. डॉक्टरांनीच दिलंय ना?"

अक्का भांडतील म्हणून मी दाराशी उभी राहिले. पण त्या सासूशेजारी बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या, की मला आत यावं लागलं.

"मलाही डॉक्टरांनीच दिलं होतं. मालक गेले तेव्हा. सगळे म्हणायचे, गोदा कशी शांत आहे. त्या शांततेत माझा मधू रांगायला लागला, चालायला लागला. पहिलं पाऊल टाकलं ते जावेकडे. मी जागी झाले तोवर तो तिलाच आई म्हणत होता. आता नाशिकहून येतो, तो आधी तिच्या घरी उतरतो. त्याचं चुकत नाही हो. पण तुमच्या सुनेला पुढे मूल होईल. ते कुणाकडे चालत जावं, ते तुम्ही ठरवा."

शेजारी असून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मधू वर्षातून एकदा यायचा, अक्का त्याच्यासाठी मांडे करायच्या, एवढंच मी पाहिलं होतं.

सासूनं सुमनच्या कपड्यांची बांधलेली पिशवी सोडली. "ऱ्हाऊ द्या तिले," ती म्हणाली. मग डॉक्टरांनी औषध थोडं थोडं उतरवलं. अक्का रोज संध्याकाळी सुमनला घेऊन पांझरेच्या काठी जाऊन बसत. दिवाळीला सासू स्वतः न्यायला आली, तेव्हा सुमननं तिच्याशी कडाकडा भांडून एक दिवस जास्त मागून घेतला. अक्कांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अक्कांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं घर पाडून तिथे दुकानं झाली आहेत. सुमन भडगावला आहे, मुलाबाळांत आहे. आणि आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही डॉक्टरांनी औषध लिहिलं की चिठ्ठी हातात घेण्याआधी विचारतात, "हे थांबवायचं कधी, आणि कसं?"