बाक हे वाहन आहे काय?

शब्दाचा अर्थ लावणे हे जोखमीचे काम आहे. ते शब्द वापरणाऱ्यांच्या हाती सोडून चालत नाही. म्हणून प्रत्येक सुधारलेल्या राज्यात शब्द लोक वापरतात, कायदा लोकप्रतिनिधी करतात आणि अर्थ सरकारी खाते लावते. न्यायालय या तिघांकडेही आदराने पाहते. खात्याकडे जरा जास्त.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणाऱ्याला ही सुरेख व्यवस्था ठाऊक नव्हती. तो रोज सकाळी दुकानातले लाकडी बाक उचलून पदपथावर ठेवी आणि दिवे लागल्यावर आत घेई. त्या बाकावर त्याचे वडील बसत. त्यांना सगळे नाना म्हणतात. हात थरथरू लागल्यावर नानांनी वस्तरा खाली ठेवला आणि तेव्हापासून बाकावर बसून पुढचा नंबर कोणाचा हे सांगण्याचे काम पत्करले. नाना म्हणतील तो नंबर. मोठमोठे साहेब तिथे मुकाट वाट पाहत. ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखे काही उरले नव्हते असेही काही जण नियमाने येऊन बसत.

एके दिवशी पदपथ खात्याचे निरीक्षक आले. कायद्यातले कलम एका ओळीचे आहे: पदपथावर वाहन उभे करू नये. वाहन म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेले नाही (करणाऱ्यांना ते ठाऊक होते, असे समजायला हरकत नाही). ही उणीव खात्याच्या समितीने भरून काढली. समितीने त्यासाठी अकरा गावांचा अभ्यासदौरा केला, त्यांपैकी नऊ थंड हवेची होती. निष्कर्ष असा निघाला की, ज्यावर माणूस बसतो आणि जे सकाळी एका जागी व रात्री दुसऱ्या जागी आढळते, ते वाहन. या व्याख्येत हत्तीही बसतो, पण हत्तीबद्दल अद्याप तक्रार आलेली नाही.

"अहो साहेब, पण याला चाकं कुठायत?" सलूनवाल्याने विचारले.

"चाकं नसणं हा वेगळा गुन्हा आहे," निरीक्षक म्हणाले. "तो मी अजून लावलेला नाही."

शेजाऱ्यांनी सल्ला दिला की बाक आत घ्यावे आणि मोकळे व्हावे. सलूनवाल्याची बायको उसळली. "दुकानात दोन खुर्च्यांनंतर पाय ठेवायला जागा नाही. मामंजींना काय मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवू? आठ दिवसांत बोलायचे बंद होतील ते!"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या सलूनवाल्यावर शहाणपणाचा आळ कोणी कधी घेतला नव्हता. तो चढला.

न्यायाधीश सज्जन होते. त्यांनी बाकाचा फोटो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मला तर हे बाकच दिसतंय." पण त्यांनी लगेच स्वतःला सावरले. त्यांना काय दिसते हा प्रश्नच नव्हता. खात्याकडे ब्याऐंशी अभियंते होते आणि न्यायालयाकडे एक लघुलेखक, तोही रजेवर. जिथे कायदा गप्प असतो आणि खाते बोलते, तिथे न्यायालयाने ऐकावे, असा निकाल लागला. याला अडाणी लोक बाबा वाक्यं प्रमाणम् म्हणतात. न्यायशास्त्रात त्याला संयम म्हणतात.

खास परवाना काढला तर वाहन पदपथावर ठेवता येते, असे खात्याने सांगितल्यावर सलूनवाल्याने त्यासाठी बाकाला ब्रेक, भोंगा, मागचा लाल दिवा आणि नंबरपट्टी बसवली. भोंगा नानांना फार आवडला. पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायला ते तो वाजवू लागले. खात्याच्या दूरदृष्टीचे हे फळ टीकाकार सांगत नाहीत.

मग खात्याचे साहेब बदलले. नव्या साहेबांचा अर्थ नवा निघाला: जे धावते ते वाहन. आता बाक सुटले, असे तुम्हाला वाटेल. पण भोंगा, ब्रेक आणि नंबर असूनही जे धावत नाही ते बेवारस वाहन ठरते आणि ते उचलून न्यावे लागते. न्यायाधीशांनी हाही अर्थ मान्य केला. मत बदलले म्हणून तज्ज्ञ काही बदलत नाही, असे त्यांनी नमूद केले आणि ते खरेच आहे.

उचलण्याची गाडी निघायच्या आतच वरच्या न्यायालयाचा आदेश आला. खात्याची री ओढणे पुरे. यापुढे अर्थ न्यायाधीशांनी स्वतः लावावा. सलूनवाल्याने त्या दिवशी सगळ्यांची दाढी फुकट केली. न्यायाधीश मात्र घाबरले. स्वयंपाकघरात प्रथमच एकट्याने शिरलेल्या माणसाला डबे सापडत नाहीत, तशी त्यांची गत झाली. शब्दकोश पाहून झाल्यावर ते जागेची पाहणी करायला स्वतः आले आणि नानांशेजारी बाकावर बसले.

ऊन छान होते. त्यांनी सुनावणी तिथेच घेतली आणि पुढची तारीखही तिथलीच दिली. कोणी आधी बोलायचे ते नाना सांगत होते. दोन वकील एकाच वेळी बोलले नाहीत, असे त्या खटल्यात प्रथमच घडले.

निकाल स्वच्छ होता. सदर बाक हे वाहन नाही, कधीही नव्हते. हे ऐकून सलूनवाल्याचे डोळे भरून आले. दुसरा परिच्छेद असा होता की, ज्यावर बसून न्यायाधीश सुनावणी घेतात ते न्यायासन होय, आणि न्यायासन पदपथावर ठेवणे हा न्यायालयाचा अवमान आहे. हा अर्थ न्यायालयाने कोणाचेही न ऐकता स्वतंत्रपणे लावला होता. दुपारी बाक इतमामाने न्यायालयात नेण्यात आले. त्यावर कोणी बसू नये म्हणून तिथे एक शिपाई उभा असतो.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. निरीक्षकांनाही वाईट वाटले. "आमच्याकडे असतं तर दंड भरून परत तरी मिळालं असतं," ते म्हणाले.

आता नाना उंबऱ्याच्या आत एका स्टुलावर बसतात. तिथून रस्ता आणि येणारी-जाणारी माणसे दिसली असती, पण बाकाच्या रिकाम्या जागी रोज एक निळी स्कूटर उभी असते. सलूनवाल्याने तक्रार केली. खात्याने (साहेब पुन्हा बदलले होते) कळवले की, जी दिवसभर हलत नाही आणि जिच्यावर कोणी बसलेलेही नाही, तिला वाहन म्हणता येणार नाही. न्यायालयाने स्वतंत्र विचार केला आणि त्यालाही तसेच वाटले. नाना दिवसभर त्या स्कूटरच्या मागच्या दिव्याकडे बघत बसतात आणि नंबर सांगायचे त्यांनी सोडून दिले आहे.

परवा त्यांनी सुनेला विचारले, "ही गाडी कोणाची गं?"

"आहे एकांची," ती म्हणाली. "माणूस चांगलाय, मामंजी. 'दोनच मिनिटं हं वहिनी' म्हणून हसून जातात."

तिने तुमचे नाव सांगितले नाही.