सावा सोडून जाणार?

गावाचं मोठेपण परक्याने सांगितल्याशिवाय गावाला पटत नाही. निमगाव सावाचं मोठेपण सांगायला तर थेट जपान धावून आलं.

दोन हजार पाच साली पंचायतीला कॉम्प्युटर मिळाला. त्यावर तीन टक्के कामकाज चाले आणि सत्त्याण्णव टक्के एक जुना जपानी गेम. त्यात बशीएवढ्या डोळ्यांची एक पोर आईला शोधत फळ्याफळ्यांवरून उड्या मारत जाई. जपानी बोलणं परदेशातल्या हौशी मंडळींनी फुकटात इंग्रजीत केलं होतं. ("फॅन लोकांनी," असं कारकून हौशीराम म्हणाला. वीज नसताना पंख्यांनी एवढं काम उरकलं, याचं गावाला फार कौतुक वाटलं.) पुढे मराठीत आणायला हौशीराम समर्थ होता.

गेम बंद करताना एक प्रश्न यायचा. त्यातला शेवटचा शब्द एस, ए, व्ही, ई. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव एस, ए, व्ही, ए. एका अक्षराची चूक जपानला माफ. हौशीरामने अर्थ लावला, 'सावा सोडून जाणार?'

ग्रामसभेने एकमताने ठराव केला : उत्तर कायम 'नाही'. 'नाही' दाबलं की गेम बंदच होत नसे. मग वीज जाई आणि पोर पुन्हा पहिल्या फळीवर.

याचा घोर एकट्या गोजरबाईंना. सत्तरीच्या या माजी सदस्यबाईंनी पोरीला अकरा वेळा शेवटच्या दारापर्यंत नेलं होतं. "आई दारात दिसती आन् लाईट जाती, भाऊ!"

बाराव्या वेळी शेजारी पुण्याची नात होती, नूतन. ती हसली. "आज्जी, ते सावा नाही, सेव्ह आहे. जपून न ठेवताच जाणार का, असं विचारतंय."

"मंग हौशीराम येगळं काय सांगत व्हता?"

तेवढ्यात पुण्याच्या एसटीचा हॉर्न वाजला. नातीला द्यायची शेंगांची पिशवी आणायला गोजरबाई घरी पळाल्या. परक्याची वस्तू नीट बंद करून जावी, या शहरी शिस्तीने नूतनने 'हो' दाबलं. गावात अर्थ कळलेल्या पहिल्याच माणसाने.

गोजरबाई आल्या तेव्हा पडदा काळा होता आणि एसटी वळणापार.

पंचायतीने नोंद केली : सावा सोडून गेलेले, एक. (नोंद अपुरी आहे. आपण कोणत्या साली, कोणत्या गाडीने गेलात, ते सवडीने कळवावे. पिशवी घेऊन कोणीतरी अजून दारात उभं आहे.)