लाडू धरल्यासारखे हात

"काका, 'मला माहीत नाही' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या मोनाने पैज लावली होती की मी तो विचारू शकणार नाही (बक्षीस : मँगो बबल टी, मोठा ग्लास). लोकशाहीत कुणाला तरी प्रश्न विचारावाच लागतो, आणि मला मँगो आवडतो.

लोकशाहीत प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते साडेतीन मिनिटांत, टायसकट म्हणायला एजन्सी लागते. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलची एजन्सी इंडियन ग्रोसरीच्या वरच्या मजल्यावर आहे. ती रेखामावशी चालवतात. (त्या माझ्या मावशी नाहीत. आपल्याकडे दोनदा जेवून गेलेली बाई मॉरिसव्हिलमध्ये आपोआप मावशी होते.) टीव्हीवर राजकारणावर बोलू शकतील अशी माणसं त्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणात, हेरतात, शिकवून तयार करतात आणि चॅनेलांना पुरवतात. एकूण क्लायंट एक्केचाळीस. गेल्या चार वर्षांत त्यांपैकी विचार बदललेले शून्य, खुर्ची बदललेले सहा.

खुर्चीचं सांगायला हवं. ट्रेनिंगच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एक खिडकीकडची आणि एक दाराकडची. खिडकीकडे बसणारा एका पक्षाच्या बाजूने बोलतो, दाराकडचा दुसऱ्याच्या. नवीन माणूस आला की रेखामावशी त्याचे विचार विचारत नाहीत, कुठली खुर्ची रिकामी आहे ते बघतात. मला हे फार योग्य वाटतं. विचार काय, कुणालाही असतात. खुर्च्या दोनच आहेत.

तर प्रश्न मी विचारला तो हेमचंद्रकाकांना, एजन्सीच्या ओपन हाउसमध्ये, साठ माणसांसमोर. काका मूळचे नागपूरचे, हार्टचे रिटायर्ड डॉक्टर आणि सध्या एजन्सीचे सगळ्यात मोठे स्टार. ते हसले. "उर्वी बेटा, फार सुंदर प्रश्न," म्हणाले, आणि मग बॉर्डर, अंड्यांचे भाव आणि आपली मूल्ये यांवर चार मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. उत्तर आलंच नाही, हे मला पार्किंग लॉटमध्ये कळलं.

रेखामावशींना मात्र मी आवडले. त्यांना 'नव्या पिढीचा आवाज' हवाच होता, शनिवारी मोकळा असलेला. पुढचे सहा शनिवार माझं ट्रेनिंग झालं.

त्याच्या तीन पायऱ्या आहेत : स्पर्श, वळण, मुक्काम. प्रश्नाला आधी प्रेमाने स्पर्श करायचा, मग वळण घ्यायचं, आणि घरून ठरवून आणलेल्या वाक्यावर मुक्काम करायचा. बोट दाखवायचं नाही. दोन्ही हातांत एक मोठा लाडू धरलाय असे हात ठेवायचे. समोरचा बोलत असताना मान दुःखाने हलवायची (तो काय बोलतोय हे ऐकलंच पाहिजे असं नाही). 'कदाचित' आणि 'तुमचं बरोबर आहे' हे टाळायचं. 'माहीत नाही' तर करारातच बंद, ठळक अक्षरांत.

ट्रेनिंगचा घरीही फार उपयोग होतो. आईने केमिस्ट्रीच्या टेस्टचं विचारलं, तर मी देशातल्या एकूण विज्ञानशिक्षणापर्यंत गेले. आई आयटीत आहे. "आमचा डायरेक्टर डिट्टो असंच बोलतो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आदर होता. हेमचंद्रकाकांकडे जरा वेगळं झालं. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं हिमानीकाकूंनी विचारलं. काका म्हणाले, आज या देशातल्या कुटुंबांसमोर मिठापेक्षा मोठे प्रश्न आहेत. काकूंनी ताट उचललं.

माझा पहिला कार्यक्रम ठरला, शनिवारी पाच वाजता, लाइव्ह. मी सोळा वर्षांची, त्यामुळे करारावर आईबाबांची सही हवी होती. सही व्हायच्या आधीच बाबाने मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं. एकशे बारा अंगठे आले. मी कशावर बोलणार, हे एकानेही विचारलं नाही.

मंगळवारी कॅफेटेरियात मोना म्हणाली, "शनिवारी पाचला माझ्या घरी. बर्थडे. फक्त आपण चौघी. येतेयस ना?"

"मोना, मैत्री माझ्यासाठी नेहमीच महत्त्वाची राहिली आहे," मी म्हणाले. "पण प्रश्न एका शनिवारचा नाही. आपल्या पिढीने वेळेकडे नव्याने पाहण्याची गरज आहे."

मोनाने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. ते लाडू धरून होते.

"उर्वी यार. यस ऑर नो?"

मी मान दुःखाने हलवली. मोना ट्रे घेऊन दुसऱ्या टेबलवर गेली. (समोर कुणी उरलं नाही की आपण जिंकलो, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी जिंकले. बुधवारी आणि गुरुवारीही जिंकले, एकटीच जेवून.)

इथे एक नोंद करते. हेमचंद्रकाका खिडकीकडचे की दाराकडचे, आणि खिडकी म्हणजे कुठला पक्ष, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र केव्हाच ठरवून टाकलंय, आणि त्याप्रमाणे काका तुम्हाला आवडलेत किंवा नावडलेत. एजन्सीला तुमच्यासारखी माणसं फार लागतात. खुर्ची मिळणार नाही, पण टीव्हीसमोरचा सोफा तुमचाच आहे.

गुरुवारी संध्याकाळी करार डायनिंग टेबलवर होता. आई मला कुठला कुर्ता शोभेल ते बघत होती. बाबाने पेनाचं टोपण काढलं.

"बाबा, सही नको करू."

पेन थांबलं. आई म्हणाली, "अगं, काय झालं?" बाबा म्हणाला, "आणि मी ग्रुपवर आता काय सांगू?"

स्पर्श तयार होता. वळणही आठवत होतं. मी हात खाली सोडले.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य बऱ्याच दिवसांनी आलं होतं. "मला एवढंच माहीत आहे की मी शनिवारी टीव्हीवर जाणार नाही. मी मोनाकडे जाणार आहे. तिला आता मी नको असले, तरी."