नऊ थर्मामीटर नापास

शहरातल्या दवाखान्यांचे थर्मामीटर तपासून पास-नापास करायचे, हे तिचं काम. पास झाला की हिरवी चिठ्ठी आणि तिची सही, नापास झाला की लाल. बावीस वर्षांत आपली एकही सही खोटी पडली नाही, हे ती नाव सांगण्याआधी सांगायची. त्यात उद्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी होती, म्हणजे मान आणखी ताठ.

अकरा वाजता नेमक्या त्याच मानेतून वाफ निघाल्यासारखं झालं. कान तापले, कपाळावरून घामाची धार लागली. प्रयोगशाळेची खोली वीस अंशांवर असायलाच हवी. भिंतीवरचा थर्मामीटर म्हणत होता, वीस.

"बिघडलाय मेला," म्हणत तिने त्याला लाल चिठ्ठी डकवली.

दुसरा आणला. वीस. लाल. असे आठ जण कटात सामील निघाले. शेवटी तिने कुलपातला मुख्य थर्मामीटर काढला. बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे असतात. त्यानेही वीसच सांगितलं तेव्हा तिला फितुरी झाल्यासारखं वाटलं. त्यालाही लाल!

"मॅडम, मला तर थंडी वाजतेय," स्टोअर सांभाळणाऱ्या काकू शाल आवळत म्हणाल्या.

"तुमचं वय झालं, काकू. एसीवाल्याला बोलवा."

एसीवाला येऊन टेकतो न टेकतो तोच तिचा घाम सुकला. "बघा, लगेच फरक पडला. हाताला गुण आहे तुमच्या."

"मॅडम, मी अजून पिशवी उघडली नाही."

दहा मिनिटांत पुन्हा तोच भडका. "आता काय करून ठेवलंत?"

"चहा प्यायलो," तो बिचारा म्हणाला. मग जरा चाचरत, "राग मानू नका, पण घरी आमच्या हिचं दोन वर्षं हेच चाललंय. पंखा लावा, पंखा बंद करा. मशीनमध्ये काही नसतं."

काकूंनी तिला हाताला धरून समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावून पाहिला.

"ताप नाही. वय?"

"अठ्ठेचाळीस."

"पाळी वेळेवर येते?"

"मनात आलं तर येते. कामाच्या गडबडीत मी लक्ष दिलं नाही."

"शरीरातली संप्रेरकं वरखाली व्हायला लागली की असे वाफारे येतात. आजार नाही हा. त्रास वाढला तर औषधं आहेत."

"पण तुमचा थर्मामीटर तरी धड आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी तो उलटा करून दाखवला. हिरवी चिठ्ठी, मागच्या आठवड्याची तारीख, खाली तिचीच सही.

दुपारभर ती नखाने लाल चिठ्ठ्या खरवडत बसली. "माझं वय झालं, मॅडम," काकू शेजारी बसून खरवडता खरवडता म्हणाल्या, "तुमचं व्हायला लागलंय." तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू.

दुसऱ्या दिवशी तपासणीला पन्नाशीच्या एक कडक बाई आल्या. भिंतीवरचा आकडा पाहिला, पदराने गळा पुसला आणि फाइलने वारा घेत दरडावलं, "ही खोली वीस अंशांवर? तुमचा थर्मामीटर साफ बिघडलाय."

तिने पंख्याखालची आपली खुर्ची बाईंकडे सरकवली आणि काकूंच्या कानात म्हणाली, "आधी लाल चिठ्ठ्या लपवा."